वच्छलाकाकूंचं नाक

वच्छलाकाकूंची कुठलीही गोष्ट पुरी होत नसे. आमच्या पायरीवर बसून त्या कुणाच्या तरी सुनेची हकिकत अगदी रंगात येऊन सांगत असायच्या आणि ऐन मोक्याला त्यांच्या नाकपुड्या हलायच्या. "अन् मंग तिनं सासूले काय म्हटलं सांगू..." एवढं बोलून त्या उठायच्या, पदर खोचायच्या आणि "झाला, झाला!" करत आपल्या घराकडे पळायच्या. ती सून पुढे काय म्हणाली, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण थोड्या वेळाने कुंपणावरून ताटली यायची. तिच्यात गरम केकचा तुकडा असायचा, कडेला खरपूस आणि आतून लुसलुशीत. मग सुनेचं कुणालाच काही वाटायचं नाही.

केक भाजताना काकूंनी कधी घड्याळ पाहिलं नाही. ओव्हनचं झाकण उचलून त्यात सुई खुपसणंही त्यांना मान्य नव्हतं. "त्याले काय इंजेक्शन देऊन राह्यली का?" असं त्या मला म्हणायच्या. त्यांचं सगळं काम नाकावर चालायचं. त्यांचं माहेर सिंदेवाहीकडे, तलावाकाठी, मासे धरणाऱ्यांच्या घरातलं. आठवडी बाजारात त्या मासोळीचा कल्ला उचलून नुसता हुंगायच्या आणि पुढे चालू लागायच्या. मासेवाली ओरडायची, "काकू, ताजी हाये, आत्ताच आणली!" काकू मागे न वळता म्हणायच्या, "हो, तुह्यासाठी आत्ताच असन. तिच्यासाठी काल झाली." मासे रांधणाऱ्या त्याच स्वयंपाकघरात त्या केक करायच्या, पण एकाचा वास दुसऱ्याला कधी लागला नाही. लागला असता तर सगळ्यात आधी त्यांनाच कळलं असतं.

भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत आमची क्वार्टरं शेजारी शेजारी होती. पलीकडच्या क्वार्टरमध्ये केरळच्या एलीबाई राहायच्या. काकूंनी केक शिकला तो त्यांच्याकडून, नाताळच्या दिवसांत. एलीबाईंना मराठी येत नव्हतं, काकूंचं हिंदी म्हणजे त्यांच्या माहेरच्या झाडीपट्टीची मराठी जरा जोरात बोलली की झालं. त्या दोघींमध्ये शिकवणी कशी झाली असेल, देव जाणे. एलीबाई "सोडा, सोडा" म्हणाल्या, तेवढं काकूंनी लक्षात ठेवलं. घरी येऊन डब्यात पाहिलं, तर पांढरी पूड होतीच. जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, रेती तापवून त्यांनी पहिला केक भाजला. तो फुगला, रंगही छान आला. पण तोंडात घातला तर थेट उडदाच्या पापडाची चव! त्या पांढऱ्या पुडीला घरात पापडखार म्हणतात, हे घाईत त्या विसरल्या होत्या. वसाहतीत पुढे कितीतरी दिवस तो केक तेलात तळायचा राहिला, असं सांगून लोक हसायचे. काकू सगळ्यांत जास्त हसायच्या.

तो पापडी केक एका माणसाने मात्र पुरता खाल्ला. ते तुळशीरामकाका, काकूंचे यजमान. कारखान्यात फिटर होते. अत्यंत सज्जन, आणि इतके अबोल की पाहुण्यांना ते घरात आहेत हे जाताना कळायचं. ताटात पडेल ते खायचे, हात धुवायचे आणि पेपर घेऊन बसायचे. भाजीत मीठ नाही, हेसुद्धा त्यांनी कधी म्हटलं नाही. काकूंचा तेवढा एकच सल होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "साऱ्या गल्लीनं माह्या केकचं नाव काढलं, पण ह्या माणसाच्या तोंडून कधी 'बरा झाला' निंगालं नाई. ह्याईले गवत देलं तरी खाईन अन् पेपर वाचन." काका पेपरमागेच असायचे. पान उलटल्याचा आवाज तेवढा यायचा.

काकूंनी एलीबाईंचा केक आपल्या झाडीचा करून टाकला. मनुका महाग, म्हणून माहेराहून आलेली सुकी मोहफुलं त्या धुऊन, भिजवून, तुपात परतून घालू लागल्या. माझ्या आईने पहिल्यांदा कपाळावर हात मारला. "अवं वच्छला, मोहाचा केक? पोरं झिंगतीन ना!" काकू म्हणाल्या, "झिंगू दे थोडीशी. तान्हा पोळा आहे, बैलच तं हाकायचे आहेत." वसाहतीतले दोन-तीन पुरुष त्या दिवशी केक मागायला दुसऱ्यांदा आले आणि नुसता गोड लागल्यावर हिरमुसून गेले.

त्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, काकूंनी नंदीबैलाच्या आकाराचा केक करायचं मनावर घेतलं होतं. आम्ही पोरं आपापले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी होतो. काकूंचा बैल परातीतून आला तो बसलेला. पाय कुठेच दिसत नव्हते. मी विचारलं, "काकू, हा उभा का नाही?" काकूंनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "सालभर राबला बिचारा. आज त्याचा सण आहे, आज तरी बसू देशीन का नाई?" तेव्हापासून त्यांचा बैल दर वर्षी बसूनच आला आणि आम्हाला तोच खरा वाटू लागला.

पुढे काका निवृत्त झाले, माझे बाबाही झाले. क्वार्टर सोडून दोन्ही घरांनी गावात एकाच गल्लीत जागा घेतली. मला इथल्याच शाळेत नोकरी लागली, नवराही इथलाच मिळाला, त्यामुळे काकूंचा शेजार काही सुटला नाही. त्यांची एकुलती लेक वैशाली चंद्रपुरात राहायला गेली. काकूंकडे आता गोल, विजेवर चालणारा ओव्हन आला होता. गल्लीतल्या प्रत्येक मुलाचा पहिला वाढदिवस त्यांच्या केकने व्हायचा. दुकानाचा केक कुणी आणलाच तर काकू जायच्या, तुकडा खायच्या आणि बाहेर आल्यावर म्हणायच्या, "साबणाचा फेस बरा जमला होता."

वैशालीला मात्र बरीच वर्षं मूल नव्हतं. काकू त्याबद्दल बोलत नसत. दुसऱ्यांच्या लेकरांचे केक करत राहायच्या. कधीतरी ओव्हनकडे पाहत म्हणायच्या, "माह्या वैशूच्या घरी पाळणा हलला ना, तं मी असा केक करीन, साऱ्या गल्लीनं पाहत राहावं." आम्ही सगळे त्या केकची वाट पाहत होतो.

मग ती साथ आली. काकू तापाने पडल्या, बऱ्या झाल्या, उठून कामाला लागल्या. गल्लीत सगळ्यांना हायसं वाटलं. माझ्या मुलाचा वाढदिवस आला तेव्हा त्यांनी आपणहून केक लावला आणि सवयीप्रमाणे आमच्या पायरीवर येऊन बसल्या. गप्पा रंगल्या. थोड्या वेळाने मला केकचा वास आला, मग जरा कडक वास आला. काकू बसलेल्याच होत्या. काकू बसल्यात म्हणजे केक अजून व्हायचा असणार, असं मी धरून चालले. त्यांच्या नाकापुढे माझ्या नाकाची किंमत ती काय! शेवटी खिडकीतून धूर दिसला, तेव्हा आम्ही दोघी धावलो. केकचा कोळसा झाला होता. काकूंनी ते काळं भांडं उचललं, नाकाशी नेलं, दोनदा हुंगलं. "मले काईच नाई येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी सांगितलेली गोष्ट पहिल्यांदाच शेवटापर्यंत आली होती, आणि ती काय होती ते मला आठवत नाही.

ताप गेला तेव्हापासूनच त्यांना वास येईनासा झाला होता. येईल, येईल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. इतरांना वास पुन्हा येऊ लागला, काकूंना आला नाही. डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितलं. काकूंनी ओव्हन खोक्यात घालून माळ्यावर चढवून टाकला. आणि नेमकी तेव्हाच वैशालीकडून गोड बातमी आली. मुलगी झाली. काकू आनंदाने रडल्या, बारशाला लाडू वळले, पाळण्याची दोरी ओढली. पण पहिल्या वाढदिवसाचं बोलणं निघालं तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या, "दुकानातूनच आण बापा. त्यावर फोटू बी छापून देतेत म्हणे." दुकानाच्या केकला नावं ठेवणाऱ्या काकू! वैशालीने मला फोन केला आणि फोनवरच रडायला लागली. "साऱ्या गल्लीच्या पोरांना आईचा केक मिळाला, अन् माह्याच पोरीले नाही मिळणार का गं?"

मी माळ्यावरून ओव्हन काढायला लावला. काकू आढेवेढे घेत होत्या. मी म्हटलं, मोबाइलमध्ये गजर लावू. त्यावर त्या कडाडल्या, "घंटी वाजली का व्हायचं, हे त्या केकले कोणं सांगून ठेवलं? वोल्टेज तं कधी असते, कधी नसते." मग मी म्हटलं, माझं नाक घ्या. ते त्यांना पटलं. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही एक केक करून पाहायला घेतला. मोहफुलं तुपात परतून झाली, मिश्रण भांड्यात गेलं, झाकण लागलं. आम्ही दोघी ओव्हनसमोर पाट टाकून बसलो.

"सांग, कसा वास येऊन राह्यला?"

"छान येतोय."

"छान म्हंजे काय? छान तं पाहुणे म्हणतेत. कच्चा हाये का पक्का? तूप समोर हाये का मैदा?"

मी नाक पुढे करून बसले. इतकी वर्षं त्यांचा केक खाल्ला होता, पण त्याच्या वासात काय काय असतं, हे मला सांगता येईना. "गोड... म्हणजे गरम गरम... केकसारखा," मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हसल्या आणि पाटाला हात टेकून उठायला लागल्या. "जाऊ दे बेटा. नाई होत. बंद कर ते बटन."

"थांब वो."

पेपर हातात तसाच धरून काका दारात उभे होते. पुढे आले, ओव्हनवर जरा वाकले. "मैद्याचा कच्चा वास आत्ता गेला. तूप समोर आलं. मोह अजून दबून आहे. त्याले वेळ आहे."

आम्ही दोघी काकांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. काका पेपर ठेवून आमच्या शेजारी खालीच बसले. एका दमात एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि ते थांबलेही नाहीत. "आता कडा लागून राह्यल्या... आता मोह निंगाला. तुह्या माहेरी तलावाच्या पारीवर सकाळी फुलं पडलेली असतेत, अन् त्यावर ऊन येते ना? तसा. पण जरासाक थांब. शेवटी एक करपल्यासारखा वास येते, पण करपलेला नसते. त्यावर तू उठत होतीस." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "हां. काढ."

केक काढला. अगदी पूर्वीसारखा झाला होता. काकू त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

"तुमाले हे सारं कसं समजते?"

"एवढी वर्षं काय नाक बांधून बसलो होतो घरात?"

"मंग कधी बोलले काऊन नाई?"

काका गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नसावा. "तुले समजत होतं ना सारं," ते म्हणाले. "मी आणखी कायले बोलू?"

काकू डोळ्यांना पदर लावून हसायला लागल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले, कारण तिथे माझं काही काम उरलं नव्हतं.

नातीच्या वाढदिवसाचा केक झाला आणि साऱ्या गल्लीनं पाहत राहावं असाच झाला. काकूंना वास काही पुन्हा आला नाही. पण काका एकदा बोलायला लागले ते लागलेच. भाजीची हळद, आमटीची फोडणी, शेजारच्या घरी काय शिजतंय, सगळं ते बसल्या जागेवरून सांगायचे. काकू माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या, "माय वो, ह्या माणसाचं तोंड कोणीतरी बंद करा आता!" तक्रार करताना त्या इतक्या खुशीत असायच्या की मला हसू आवरायचं नाही. अशी दोन वर्षं फार सुखाची गेली. मग एका सकाळी काकू झोपेतून उठल्याच नाहीत. काहीही दुखणं नाही, कुणाकडून करून घेणं नाही. गल्ली फार रडली. काका पुन्हा पेपरमागे गेले.

वैशालीच्या मुलीचा यंदाचा वाढदिवस इथेच करायचं ठरलं. केक मी करणार होते. काकूंचा ओव्हन, काकूंच्या माहेरची मोहफुलं, त्यांच्यासारखंच सगळं. मी केक लावला आणि काकांना हाक मारली. ते आले, खाली बसले. मी विचारलं, "काका, कसा येतोय वास?" त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. तिच्यासारखाच आहे, एवढं त्यांनी म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

"तिच्यासारखा नाई," काका म्हणाले. माझा चेहरा पडलेला त्यांनी पाहिला असावा, पण तरी त्यांनी शब्द बदलला नाही. "तू मोह जास्त परततेस. अन् विलायची ती घालत नव्हती." मग त्यांनी पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. "हा तुहा आहे. चांगला आहे. थोडा वेळ दे त्याले."

मी पाट ओढला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.