चौकातलं बंद दुकान

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी सबिना त्याच्या कोटाचं अस्तर उलटून बघायची. जर्मनीत ब्योब्लिंगेनच्या स्टेशनामागे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. २००३ साली मी पुण्याहून नोकरीला आले आणि हौसेनं घेतलेला कोट बाह्या आखूड करायला तिच्याकडे नेला. तिने शिवणीवरून बोट फिरवलं. "कुणी शिवलंय हे? शिंकता शिंकता?"

ती बोस्नियातली. गावच्या चौकात वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला फोटो स्टुडिओ. युद्ध पेटलं तेव्हा कोणत्या घरात कोण राहतं, हे बंदूकवाल्यांना दाखवत फिरला तो फोटोवालाच. "सगळ्यांच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढलेले. पत्ते पाठ होते बदमाशाला," ती सांगायची. वडिलांना घरातून नेलं. ते परत आले नाहीत, सापडलेही नाहीत.

पुढे काही वर्षांनी दुकान कायद्याने तिला परत मिळालं. ताबा घ्यायला गेली, तर बेकरीच्या जागी सट्ट्याचा अड्डा, आणि तिच्या दुकानात, वडिलांच्या कापड बेतायच्या टेबलावर पर्सेस मांडून फोटोवाला बसलेला.

"ये गं सबिना, कॉफी घे. झालं गेलं विसरू या."

"माझे वडील कुठे आहेत?"

"युद्धात सगळ्यांनीच सोसलं."

"किल्ली दे," ती म्हणाली. त्याचा माल बाहेर काढायला लावून तिने शटर ओढलं, ते कायमचं.

तिची मुलगी जर्मनमध्ये विनवायची, विकून टाक. मीही शहाणपणा केला, "अहो, निदान भाड्याने तरी द्या."

"म्हणजे तूही त्यांच्यातलीच!" ती फणकारली. "अख्खा चौक खोटं बोलतोय. एक दुकान तरी गप्प राहू दे."

दोनेक वर्षांनी तिथल्या नगरपालिकेचं पत्र आलं. बंद शटरमुळे चौकाची शोभा जाते, पर्यटक चौकशी करतात, निदान रंग तरी द्यावा.

"कसली चौकशी?" मी विचारलं.

"हे दुकान बंद का, म्हणून!" सबिना पोट धरून हसली. तिला असं हसताना मी तेव्हाच पाहिलं. "गेनाऊ! अगदी बरोबर! मग सांगा म्हणावं त्यांना."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. दफनानंतर मी भीतभीतच मुलीला विचारलं, "आता दुकान विकणार?"

तिने आईच्याच तिरस्काराने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा सापडेपर्यंत नाही."