क्लच नसलेली गाडी

माझ्या नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्यामुळे आम्ही नवी गाडी बघायला निघालो तेव्हा लोक जे आधी विचारतात ते आम्ही शेवटी विचारलं. ॲव्हरेज किती देते, डिकी केवढी आहे, रंग कोणते, हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारायचं, हिला क्लच आहे का.

हे बियाण्यांच्या एका कंपनीत फिरतीवर होते. घर दिग्रसला, पण माणूस घरी कमीच. आज पुसद, उद्या आर्णी, मग वणी. दुकानदारांशी बोलायचं, बांधावर जाऊन कपाशी पाहायची, संध्याकाळी धुळीनं भरलेली मोटरसायकल घेऊन परत यायचं. वणीकडे पावसाळ्यात रस्त्यावर कोळशाचा काळा चिखल होतो. त्यात मोटरसायकल घसरली आणि मागच्या ट्रकला थांबता आलं नाही. त्या ट्रकच्या ड्रायव्हरनंच ह्यांना दवाखान्यात नेलं. मी तेव्हा शाळेत नववीला भूगोल शिकवत होते. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत पाय काढायचं ठरलं होतं. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त सांगता येत नाही.

कृत्रिम पाय बसला. आधी वॉकर, मग काठी, मग काठीही सुटली. कंपनीनं फोनवरचं काम दिलं. ज्या दुकानदारांच्या गादीवर बसून ह्यांनी वर्षानुवर्षं चहा प्यायला, त्यांनाच हे आता घरातल्या पलंगावरून फोन लावायचे. काम तेच होतं, पण फोन ठेवला की हे बराच वेळ तसेच बसून राहायचे.

घरी एक जुनी छोटी गाडी होती, ह्यांनीच सेकंडहँड घेतलेली. ती शेडमध्ये उभी होती. तपासणीला यवतमाळला जायचं तर दरवेळी कोणाला तरी विनवावं लागायचं, म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वयाच्या पंचेचाळिशीनंतर शिकले, पण शिकले. सुरुवातीला हे शेजारी बसून सांगायचे, आता गिअर बदल, आता सोड. पुढे सांगणं बंद झालं, तरी चढावर गाडी दमायला लागली की ह्यांची डावी मांडी ताठ झालेली मला दिसायची. मी एकदा विचारलं. म्हणाले, तुझ्याआधी मी क्लच दाबतो. नसलेला पाय दाबतो. सांगताना आवाजात काही नव्हतं, हवामान सांगावं तसं सांगितलं.

मला गाडी चालवणं आवडायला लागलं होतं. हे इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती घडलं. दिग्रसच्या बाजारातून, बैलगाड्या आणि कापसाच्या ट्रकांमधून मी गाडी काढायचे तेव्हा माझ्या शाळेतली मुलं हात करायची. माहेरी मी एकटी गाडी घेऊन गेले तेव्हा माझ्या भावानं गाडीभोवती फिरून पाहिलं, कुठं घासली तर नाही. कुठंच घासली नव्हती.

मग ह्यांनी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. दोन गाड्या शेजारी उभ्या करून हिंदीतून भराभर बोलणारी पोरं. ही हिच्यापेक्षा दोन बोटं लांब, तिचा प्लास्टिकचा आवाज येतो, हिच्यात मागं एसी नाही. मला वाटलं, वेळ जातोय तर जाऊ दे. पण एके दिवशी ह्यांनी विचारलं, जुनी गाडी देऊन टाकू का, आणि बिनक्लचची घेऊ का. लहानच घेऊ, आपल्याला झेपेल अशी. मी म्हणाले, बघू. मग पोळ्याच्या नंतरच्या एका शनिवारी अर्धी शाळा करून मी ह्यांना घेऊन यवतमाळला गेले.

पहिल्या शोरूममध्ये बिनक्लचची एक गोल तोंडाची गाडी होती. सेल्समननं किल्ली माझ्या हातात दिली. ह्यांना म्हणाला, "काका, तुम्ही मागं आरामात बसा." मी किल्ली ह्यांच्याकडे दिली. हे दार उघडून बसले. पँटमध्ये पाय दिसत नाही, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. पण त्या गाडीची सीट इतकी खाली होती, की ह्यांना उठताच येईना. सेल्समननं हात पुढे केला. ह्यांनी तो घेतला नाही. दाराची चौकट धरून, एकदा परत बसून, हे उठले. बाहेर आल्यावर त्याला छान समजावून सांगितलं की गाडी चांगली आहे, आमच्या उपयोगाची नाही.

दुसऱ्या शोरूममध्ये बिनक्लचची गाडी दाखवायला नव्हती, मागवावी लागणार होती. तिचीच गॅसवर चालणारी, क्लचवाली बहीण उभी होती. मी म्हणाले, आलोच आहोत तर चालवून पाहते. गोधनी रोडपर्यंत मी ती चालवली. जुन्या गाडीत गिअर टाकताना मनगट दुखायचं, इथं बोटानं ढकलावा तसा गिअर पडत होता. डिकीत गॅसची टाकी होती, तिथं एक पिशवी मावली नसती. तरी मी परत येताना तिचं कौतुक करत होते. गॅस परवडतो, क्लच किती हलका आहे, घाटात ओढेल. दारव्ह्याच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो तोवर मी बोलतच होते.

हे चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुले ते गाडी काहून आवडली ते मले समजते."

मी दोघांचे रिकामे कप गोळा केले.

"तू चांगली चालवते. मी कोणाले बी सांगतो. पण मले कुठं जायाचं असलं तं पहिले तुले विचारा लागते. तू नाही म्हणत नाही, तरी विचारा लागतेच ना."

"मंग मी बाजूनं बसू?" मी म्हणाले. "मले आत्ता कुठं जमून राह्यलं."

"मी बसलोच ना इतके दिवस."

आम्ही गाडीत बसलो आणि दिग्रस येईपर्यंत कपाशीच्या भावाबद्दल बोललो.

माझ्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर आहेत, पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यातले. त्यांच्याकडे बिनक्लचची उंच, खोक्यासारखी गाडी आहे. मी शिक्षकांच्या खोलीत सहज विषय काढला, तेव्हा म्हणाले, शोरूममध्ये कशाला बसून पाहता, माझी गाडी चालवूनच बघा. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. सोयाबीन निघालं होतं. तांड्याकडे वळणाऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर एका बाजूनं दाणे वाळत घातले होते. सरांच्या आई, ज्यांना ते याडी म्हणतात, ओट्यावर बसून राखण करत होत्या. त्यांनी आधी चहा पाजला, गाडीचं नंतर काढू दिलं.

सीट खुर्चीइतकी उंच होती. हे सहज बसले, पाय आत घेतले, आरसा हलवला. सर शेजारी बसले, मी मागे. गाडी निघाली. दोन वर्षांहून जास्त काळानं हे स्टिअरिंगवर होते, आणि मागून मला फक्त मान दिसत होती. मान मला ओळखीची वाटली. मोटरसायकलवर मागं बसून मी तीच बघत आले होते. ही गाडी गिअर स्वतः बदलताना थोडी अडखळायची, माणूस चालता चालता जरा थबकावा तशी. सर म्हणाले, सवय होते.

रस्ता संपल्यावर गाडी वळवून आम्ही परत येत होतो. याडींच्या घरासमोर थांबायला ह्यांनी ब्रेक दाबायला उजवा पाय उचलला, आणि ब्रेक दबला नाही. गाडीचा वेग कमीच होता, तरी ती चालत राहिली, वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये शिरली आणि दाणे चाकाखाली करकर वाजले. सरांनी हँडब्रेक ओढला. गाडी ओट्याच्या थोडं अलीकडे उभी राहिली. याडी उठूनसुद्धा उभ्या राहिल्या नव्हत्या, इतक्या पटकन झालं सगळं.

झालं असं होतं, की कृत्रिम पायाचा बूट घसरून ब्रेकच्या पट्टीखाली गेला होता. तिथली जागा अरुंद. आपला पाय कुठं आहे ते आपल्याला न बघता कळतं, त्या पायाचं ह्यांना कळत नाही. बूट खाली अडकल्यावर वरून कितीही दाबला तरी ब्रेक हलेना.

हे उतरले. तांड्यातल्या बायका जमल्या होत्या. कोणी रागावलं नाही. सर म्हणत राहिले, काही झालं नाही, याडी पण म्हणाल्या, दाणे आहेत, उचलता येतात. खाली वाकणं ह्यांना अवघड जातं, तरी ओट्याची कड धरून खाली बसले आणि पसरलेले दाणे हातानं ओढून गोळा करायला लागले. मी आणि दोघीतिघी बायका झाडूनं लोटत होतो. चाकाखाली चेपलेले दाणे याडींनी वेगळे काढले, बकरीला चालतील म्हणाल्या. सगळं आवरल्यावर आम्ही निघालो. परतीला मी जुन्या गाडीत क्लच दाबला तेव्हा मला त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

त्यानंतर घरात गाड्यांचा विषय निघाला नाही. व्हिडिओ बंद झाले. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, तसं वाटलं नाही. संध्याकाळी मी शाळेतून आले की हे विचारायचे, भाजी आणायला जायचं का, आणि मी जाऊ म्हणायचे, आणि आम्हा दोघांनाही दारव्ह्याच्या अलीकडचा तो चहा आठवायचा. निदान मला तरी.

दिवाळीच्या सुट्या संपल्यावर एक दिवस मी घरी आले तर दाराला कुलूप. फोन लावला, लागला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळीच बसस्टँडकडे गेले. बसच्या पायऱ्या ह्यांना कठीण जातात, म्हणून अपघातानंतर हे एसटीत चढले नव्हते. मी ओट्यावर बसून राहिले. दिवेलागणीला रिक्षा आली. हे उतरले, चेहरा दमलेला, शर्टाला घाम. आत येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "गाडी भेटली."

यवतमाळच्या तिसऱ्या एका शोरूममध्ये हे एकटे गेले होते. तिथं एक साधी, थोडी उंच गाडी होती. बाकीच्यांपेक्षा दिसायला ओबडधोबड, आत चकचकीत काही नाही, पण डावा पाय टेकवायला ब्रेकपासून बाजूला सरकवून एक सपाट, तिरपी पायटी केलेली. ह्यांनी त्या सेल्समनला पँट वर करून पाय दाखवला. आपण काय शोधतोय ते सांगितलं. मग बूट त्या पायटीवर ठेवून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला, मुद्दाम पाय घसरवून पाहिला, वेगवेगळे बूट बदलून पाहिले. बूट पिशवीत घेऊन गेले होते. पाय खाली जात नव्हता. शेवटी सेल्समन शेजारी बसून कंटाळला आणि जेवायला निघून गेला.

मी विचारलं, "मले काहून नाही सांगतलं? मी आली असती ना."

"तू असती तं मी पायाकडे नसतं पाह्यलं," हे म्हणाले. "तुह्या तोंडाकडे पाह्यलं असतं."

मला ते लागलं, आणि खरंही वाटलं. पुढच्या शनिवारी मी ती गाडी चालवून पाहिली. मला ती आवडली नाही. गिअर तिच्या मर्जीनं पडतात, माझ्या नाही. घाटात ती जरा विचार करून चढते. मी तसं स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, बरोबर आहे. आणि आम्ही ती घेतली.

लायसन्सवर नवी नोंद करायला डॉक्टरांचा दाखला लागला आणि आरटीओत गाडी चालवून दाखवावी लागली. त्याआधी बाजार समितीच्या मोकळ्या आवारात, कापसाची आवक नसेल त्या दिवशी, हे सराव करायचे. मी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीजवळ उभी राहून बघायचे. पहिले काही दिवस उजवा पाय ब्रेकवर हळूच जायचा, जसा दुसऱ्याच्या घरात माणूस पाय टाकतो. मग एक दिवस हे गप्पा मारत, खिडकीतून मला काहीतरी सांगत थांबले, आणि आपण थांबलोय हे ह्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी गाडी ह्यांच्यावर सोडून मी घरी पायी गेले.

आता हे परत फिरतीवर आहेत, पूर्वीइतके नाही. पुसद, आर्णी एका दिवसात करून येतात. गाडीच्या मागच्या सीटवर बियाण्यांची पाकिटं आणि शेतातली माती असते. मी शाळेत स्कूटीनं जाते. कोणी विचारलं कुठली गाडी चांगली, तर हे तासभर बोलतात, आणि मी विचारणाऱ्याला आधी बसून पाहा म्हणते.

रविवारी आम्ही कधीकधी पुसदला जातो. जाताना हे चालवतात. मी डावीकडे बसते आणि शेतं बघते. चालवताना ती कधी दिसलीच नव्हती. येताना बराच वेळ बसल्यानं ह्यांचा पाय सुजतो, कृत्रिम पाय घट्ट व्हायला लागतो. तेव्हा हे रस्त्याच्या कडेला गाडी घेतात आणि म्हणतात, "घे." मी उतरून पुढून वळसा घालते. ह्यांना उतरायला वेळ लागतो. मी दार धरून उभी राहते, मागून ट्रक जातात, आणि मग आम्ही बाजू बदलतो.