एक कचोरी, चारशे अंश

“वशिंड आलं का हो भाऊ?”

विद्यापीठातून पाकीट आलं की मॅडम आधी हेच विचारत. नव्या माणसाला वाटे, या बाई पदार्थविज्ञान शिकवतात की बैल विकतात?

मी आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचसामान धुणारा आणि अधूनमधून फोडणारा. मॅडम उंद्रीच्या. पन्नाशीत पीएच.डी.ला बसलेल्या. काचपट्टीवर निकेलचा केसाहून पातळ थर चढवायचा आणि त्यात फॉस्फरस किती मिसळला की अणूंची शिस्त मोडते, हे पाहायचं, एवढंच त्यांचं वेड.

मला त्यांनी ते एका लग्नात, जेवता जेवता समजावलं. “नुसतं निकेल असलं का असं मांडीले मांडी लावून रांगेत बसते. आता मधात तुमच्यासारखे चार बारके, चुळबुळे घुसवा. हा इकडं सरकते, तो तिकडं. मोडली पंगत! हा तुमचा फॉस्फरस.”

वाढपी हसला. माझी उंची तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून तुम्ही हसला नसाल.

पंगत शाबूत असली की क्ष-किरणांच्या आलेखावर बाभळीच्या काट्यासारखं टोक येई; मोडली की वशिंडासारखा नुसता फुगवटा. मॅडमना वशिंड हवं होतं. प्रबंधाला महिना उरला असताना शेवटची पट्टी क्ष-किरण तपासणीला विद्यापीठात पाठवायची होती. मला ती ओलसर वाटली. भट्टीत सुकायला ठेवली आणि कचोरी खायला गेलो.

पाकिटातून काटे निघाले.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. मी सगळं कबूल केलं.

“भट्टी कितीवर होती?”

“चारशे. कालचा आकडा तसाच राहिला.”

“अन् वेळ?”

“एक कचोरी.”

त्या एकदम उठल्या. “अहो, तापवलं तं मोडलेली पंगत परत बसली! पुस्तकात वाचलं होतं, आपल्या थरात कोणी पाह्यलं होतं? पण कचोरी म्हणजे मिनिटं किती?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कचोरी आणली, घड्याळ धरून समोर बसल्या. “हळू खा नं बे! त्या दिवशी चटणी घेतली होती का?”

आयुष्यात एकदाच त्यांनी मला ‘बे’ म्हटलं. सरासरीसाठी मी चटणीसकट तीन खाल्ल्या. त्या आकड्यावर मॅडमनी नव्या पट्ट्या तापवल्या. काटे आले, न तापवलेल्यांना वशिंड. मॅडम डॉक्टर झाल्या.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन त्या उंद्रीला गेल्या. प्रबंध ग्रंथालयात आहे. तक्त्यात छापलंय: चारशे अंश, अकरा मिनिटं. मुलं ते उतरवून घेतात. त्यातली दोन मिनिटं चटणीची आहेत, हे आता कॉलेजात मला एकट्यालाच माहीत आहे.