झेडचे वीस शब्द आणि फवारणीचा पंप

आमच्या असोद्याच्या घरात इंग्रजी फक्त मला येतं, असा सगळ्यांचा समज होता आणि मीही तो कधी मोडू दिला नव्हता. मी बी.ए. आहे, इंग्रजी घेऊन! (इंग्रजी घेतलं होतं हे खरं. त्यातलं आलं किती, ते कोणी विचारलं नव्हतं.)

गार्गी, माझी मुलगी, जळगावच्या इंग्रजी शाळेत सहावीत जाते. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन समोर बसली.

"पप्पा, ज्यात झेड येतो असे वीस इंग्रजी शब्द, अर्थासकट. मोबाइलमध्ये बघायचं नाही, घरच्या माणसांना विचारायचं. ज्याची यादी सगळ्यात चांगली, तो धुळ्याच्या शब्दस्पर्धेला जाणार. मला जायचंय!"

"एवढंच ना? लिही. झेब्रा, झू, झिरो!"

"ते तीन चालणार नाहीत, असं मॅडमनी आधीच सांगितलंय."

या मॅडमना पालकांचा चांगलाच अनुभव असावा. माझा निम्मा साठा तिथेच संपला. मी डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणालो, "लेझी."

"हा बरा आठवला!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"अमेझिंग!" मी ठसक्यात म्हणालो.

"दोन्ही एकाच माणसाला कसे लागू पडतात हो?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. साइझ आणि प्राइझ असे आणखी दोन निघाले. मग "म्युझिक!" म्हणून मी उडी मारली, तर गार्गी म्हणाली, "पप्पा, त्यात एस आहे." दहा वाजेपर्यंत चार शब्द आणि तीन कप चहा, एवढीच प्रगती झाली होती.

तेवढ्यात भाऊ शेतातून आले. भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू, गार्गीचे आबा. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून केळीची बाग तेच बघतात. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "काय रे भो, सकाळीच तोंड काहून उतरलं?"

गार्गीने सांगितलं. भाऊ हसलेच.

"झेड म्हंजे तो वाकडातिकडा ना? त्याचा तं आपल्याकडे ढीग पडेल हाये! चाल माझ्यासंगं."

ते तिला औषधांच्या खोलीपाशी घेऊन गेले. "तू दारातच उभी राह्य. कशालेच हात लावू नको, लांबूनच वाच," असं बजावून त्यांनी एकेक बाटली, एकेक पुडा वर धरायला सुरुवात केली. मॅन्कोझेब! कार्बेन्डाझिम! प्रोपिकोनॅझोल! हेक्झाकोनॅझोल! टेब्युकोनॅझोल! गार्गीचं पेन थांबेना. आणि भाऊ! ज्या माणसाला बँकेचा फॉर्म मी भरून देतो, तो ही नावं घरच्या बैलांना हाक मारावी तशी घेत होता.

"भाऊ, हे शब्द नाहीत, औषधं आहेत!" मी म्हणालो.

"मंग औषधाले शब्द नसतो का?"

मी माझं बी.ए. गुंडाळून बाजूला सरकलो.

"आबा, अर्थ काय लिहू?"

"मॅन्कोझेब म्हंजे पानाच्या करपा रोगावर. पंधरा लिटरच्या पंपाले चाळीस ग्रॅम."

गार्गीने तसंच लिहिलं. आमच्याकडे एखाद्या नावाचा अर्थ म्हणजे ते कशावर चालतं आणि पंपाला किती, एवढाच असतो. त्यापलीकडे कोणी विचारतही नाही. कार्बेन्डाझिमचा अर्थ झाला 'पंधरा ग्रॅम, वाऱ्यात मारू नये'. झिंक सल्फेटचा अर्थ 'पानं पिवळी पडली तर'. तासाभरात वीस शब्द पुरे!

मी तिथेच थांबवायला हवं होतं. पण वहीच्या शेवटी एक ओळ होती, 'मदत करणाऱ्याचं नाव'. भाऊ जेवायला बसले होते, पेन माझ्या हातात होतं. काय सांगू, मी माझं नाव लिहिलं! पुढे कंसात बी.ए.सुद्धा.

सोमवारी गार्गी घरी आली. दप्तर टाकलं आणि कोपऱ्यात बसली.

"पोरं हसली. म्हणाली, औषधाचं दुकान टाकलं का? मॅडमनी तुम्हाला उद्या बोलावलंय. आता मला धुळ्याला नाहीच नेणार."

तिचे डोळे भरले आणि मला फार वाईट वाटलं. पोरगी मोठ्या मुश्किलीने त्या वर्गात रुळली होती. माझ्या चार शब्दांच्या विद्वत्तेपायी तिचं हसं झालं होतं.

मंगळवारी मॅडमसमोर मी सहावीतल्या मुलासारखा उभा राहिलो. शेजारी गार्गी. मॅडमनी वही उघडली.

"मदत तुम्हीच केलीत ना?"

"हो... म्हणजे, तशी."

"मग मला सांगा, यातल्या इतक्या नावांच्या शेवटी 'झोल' का येतो? आणि हेक्झाकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल यांत फरक काय? कालपासून वर्ग विचारतोय, मलाही झोप नाही!"

मला वाटलं होतं, बोलणी बसणार. इथे तर परीक्षाच निघाली! मी घसा खाकरला. "दोन्ही... औषधं आहेत."

"ते गार्गीने सांगितलंय."

गार्गीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खरं ते बोलून टाकलं. "मॅडम, पप्पांना नाही माहीत. हे आबांचं आहे."

मॅडमनी तिथूनच भाऊंना फोन लावायला सांगितला. भाऊ बागेत होते. स्पीकरवरून पाऊण तास बोलले! कोणतं कोणत्या रोगावर, कधी मारायचं, काय कशात मिसळायचं नाही. "झोल काहून येतो ते मले नाही ठाऊक, मॅडम. पण शेवटी झोल दिसला का समजायचं, बुरशीवर चालते," असंही प्रांजळपणे सांगितलं. मॅडम लिहून घेत होत्या. शेवटी भाऊंनीच विचारलं, "तुमच्या कुंड्यांले काही रोग हाये का?"

होता. जास्वंदीला.

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "एवढे अवघड शब्द न अडखळता वाचणारी आणि प्रत्येकाचं काम सांगणारी वर्गात ही एकटीच. धुळ्याला हीच जाईल. फक्त अर्थामध्ये पंप नको." गार्गीने तिथेच उडी मारली. मदतनीसाच्या ओळीत मॅडमनी माझं नाव खोडलं आणि भाऊंचं लिहिलं, बी.ए. न लावता.

स्पर्धेला मुलाबरोबर एकाच मोठ्या माणसाला आत सोडणार होते. गार्गीने क्षणाचाही विचार न करता आबांचं नाव दिलं. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला, गाडी मी चालवली. धुळ्यात पोचलो. दोघं हातात हात घालून आत गेले आणि त्यांच्या मागे निघालेल्या मला फाटकावरच्या माणसाने हात आडवा करून अडवलं.

"तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर," मी म्हणालो.

गेल्या महिनाभरात अर्थासकट बरोबर सांगितलेला तो माझा पहिला इंग्रजी शब्द!