मरियेची हाक

सिंदी स्टेशन कधीचं मागे पडलं, तरी गाव दिसत नव्हतं. ऑटो मिळाला नाही म्हणून दोघं पायीच निघाली होती. बापूराव मध्येच थांबून थुंकी गिळून पाहत, की छाया पाण्याची बाटली काढून तयार ठेवी.

दवाखान्यात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गळ्यातली गाठ वाईट आहे. सोमवारी भरती व्हा, स्वरयंत्र काढावं लागेल. आणि त्या सोमवारनंतर येणारा रविवार ईस्टरचा.

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. ईस्टरला उजाडायच्या आत सगळीजणं मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जमतात. येशूच्या रिकाम्या कबरेची गोष्ट बापूराव आधी शास्त्रातून, म्हणजे बायबलातून वाचत, मग वऱ्हाडीत सांगत. माणूस कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केलेला. पण येशूची शिष्या मरिया मेलेल्यातून उठलेल्या प्रभूला ओळखून हाक मारते, तिथं त्यांचा आवाज असा लागे की बाया पदर डोळ्यांना लावत. समोरच्याच घरात राहणारी छायाही त्यातलीच एक.

"मामाजी, सावलीत बसा थोडं."

"बसून का गळा बरा होते? चाल. मले येगळाच घोर हाय, पोरी. नागपूरच्या पाळकाले फोन केलता. मरिया इब्री भाषेत 'रब्बूनी', म्हंजे 'गुरुजी', म्हणाली, असं आपण वाचतो न? तं मूळ ग्रीक शब्द 'एब्राइस्ती' हाय म्हणे. कोणी म्हणते, त्याचा अर्थ इब्रीच, म्हंजे हिब्रू, यहुद्यायच्या मंदिरातली जुनी भाषा. कोणी म्हणते नाई, तवा यहुदी घरी अरामी बोलत, थेच."

"मग खरं काय?"

"पाळक म्हणे, पंडितायचंच जमून नाई राह्यलं, तुम्ही काऊन डोकं खपवता!" बापूराव हसले आणि हसता हसता ठसका लागला.

छायाने घाईघाईने बाटली पुढे केली. भीतीने तिला रागच आला. "सोमवारी काय होणार ते माहीत आहे ना? अन् तुम्हाला त्या शब्दाची पडली!"

"गळा जाणार म्हणूनच पडली. लीला गेली तवा मी कोन्त्या भाषेत रडलो वं? पुस्तकातल्या?"

बापूरावांच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या, मातीवर "कुठी गेली वं!" म्हणून फुटलेला त्यांचा हंबरडा तिच्या कानात अजून होता.

"म्हणून मले वाटते, मरियेची हाक घरचीच असन. पण वाटणं म्हणजे ठाऊक असणं नाई."

गावच्या पाराजवळ आल्यावर ते थांबले. आवाज आताच निम्मा बसला होता.

"औंदा तू वाचजो. शास्त्रात हाय तसंच वाच, अक्षर बदलू नको. मंग आपल्या बोलीत सांग. लीलाच्या कबरेजवळ उभी राह्यजो, अन् फोन चालू ठेवजो. दवाखान्यात बोलता नाई येनार मले, आयकता तं येईन न?"