घासलेलं नाव

लष्करी पदकं गोळा करणारी बाई नगरमध्ये मी एकटीच असेन. वडील फौजेत होते, त्यामुळे मी शाळेत गणित शिकवत होते तेव्हापासून मला हा नाद. मी निवृत्त झाल्यावर लोक आपल्या आजोबा-पणजोबांची पदकं घेऊन माझ्याकडे यायला लागले. विचारायचं एकच असायचं, हे खरं आहे का?

ते बहुतेक वेळा कडेवरून कळतं. पदकाच्या जाड कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली असते. कुणी ते घासून दुसरं नाव घातलं, तर तेवढ्या जागी धातू झिजतो आणि मापात केसभर फरक येतो. राहात्याहून एकदा एक निवृत्त तलाठी आले होते. त्यांच्या चुलत्याच्या पदकावरचं नाव मागाहून घातलेलं होतं. चहा यायच्या आत मी ते सांगून मोकळी झाले. ते बराच वेळ पदक हातात धरून बसले, आणि मला वाटलं, आता हे उठतील कधी.

वडिलांना, आमच्या दादांना, एकाहत्तरच्या लढाईचं संग्राम पदक मिळालं होतं. जामखेडकडच्या आमच्या घरी आई त्याला बिल्ला म्हणायची. "तुझ्यापाशीच राहू दे, तुला त्यातलं कळतं," म्हणून वडिलांनीच ते माझ्या हातात दिलं. ते वारल्यावर दोन वर्षांनी मी ते पुण्याच्या एका संग्राहकाला दिलं आणि बदल्यात पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक घेतलं. संग्राम पदकं खूप जणांना मिळाली, संग्राहकांना त्यांचं अप्रूप नसतं. माझ्याकडे तसली आणखी तीन होती. वडिलांचं नाव एकावरच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी दिलं.

मागच्या वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी तिला नगरला आणलं. अंथरुणाला खिळल्यावर तिचं मन मागे मागे जायला लागलं. वडील ड्यूटीवर आहेत, सुट्टी घेऊन येणार आहेत, असं तिनं मनाशी धरलं.

"माय, त्येंचा बिल्ला कुटंय?" एका दुपारी तिनं विचारलं.

"कपाटात आहे, आई."

"काडून ठिव. आल्यावर इचारतील, मी काय सांगू?"

मग ते रोजचंच झालं. मी पुण्याला फोन केला. तो संग्राहक वारला होता. त्याचा मुलगा म्हणाला, "बाबांचं सगळं एका व्यापाऱ्यानं पेट्यांसकट नेलं." व्यापाऱ्याला कशाचीच आठवण नव्हती. संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मी वडिलांचा नंबर टाकला, ओळखीच्या प्रत्येक भंगारवाल्याला कडेचा फोटो दाखवला. तीन महिने असे गेले. आईच्या खोलीत जायचीच मला भीती वाटायला लागली.

शेवटी माझ्याकडच्या त्या तीन संग्राम पदकांतलं एक मी तिच्या हातात दिलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि ते उशाखाली ठेवलं. मला वाटलं, सुटले.

रविवारी गावाहून भाऊ आला. आईनं उशाखालून पदक काढून त्याला दिलं. "वाच रं, काय लिवलंय."

मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत त्यानं खिडकीच्या उजेडात धरून भलत्याच माणसाचं नाव मोठ्यानं वाचलं होतं.

"आक्का, हे कुणाचं?" त्यानं मला विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. "दुसऱ्याचा हाय व्हय ह्यो? मंग त्येंचा कुनी नेला?"

त्या दिवसापासून तिनं जेवण सोडलं. पेजेची वाटी तोंडाशी नेली की ती तोंड फिरवायची. "त्येंचा बिल्ला घालवला आन् मी जेवू व्हय?" घालवला तो मी, आणि गुन्हा ती स्वतःवर घेत होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

चौथ्या दिवशी मी ते पदक घेऊन बाजारात गेले. शाळेच्या कप-ढालींवर नावं कोरणारा कारागीर माझ्या ओळखीचा होता. मी वडिलांचा नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट लिहिलेला कागद पुढे केला.

त्यानं कड पाहिली. "बाई, यावर आधीचं नाव हाय."

"घासून टाका."

"कुणाचं हाय हे?"

"माझ्या ओळखीचं नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्यानं मशीन सुरू केलं. मी बाहेर जाऊन उभी राहू शकले असते, पण राहिले नाही. एकेक अक्षर गेलं. माझ्या बापाच्या वयाचा कुणीतरी तो माणूस, त्याच लढाईला गेलेला. आयुष्यभर ज्यासाठी मी लोकांना तोंडावर खोटं पाडलं, तेच मी उभी राहून करवून घेत होते.

खरा बिल्ला सापडला, असं सांगून मी ते पदक आईला दिलं. तिनं भावाला पुन्हा बोलावून घेतलं. त्यानं वाचलं. ती म्हणाली, "आता येऊ द्या त्येंला," आणि अर्धी वाटी पेज प्याली. अकरा दिवसांनी ती गेली.

तेराव्याला भाऊ म्हणाला, "आक्का, बिल्ला मी नेतो. दादांच्या फोटोशेजारी फ्रेम करून गावच्या शाळेत लावायचा म्हणतोय. पोरं बघतील."

मला गप्प बसता आलं असतं. मी त्याला सगळं सांगितलं, पुण्यापासून बाजारापर्यंत.

तो म्हणाला, "आईला पोचवलंस तेवढ्यावर थांबायचं हुतं. मला कशाला सांगितलंस?" पदक पलंगावर ठेवून तो उठला. त्यानंतर त्याचा फोन नाही. वहिनी तेवढी सणावाराला बोलते.

माझ्या संग्रहातल्या प्रत्येक पदकाच्या कडेचा फोटो माझ्याकडे असतो. त्यावरून, ज्याचं नाव मी घासायला लावलं त्या माणसाच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला मी पत्र लिहिलं, त्याच्या घरच्यांचा पत्ता मिळेल का म्हणून. उत्तर आलं की जवळच्या नातेवाइकांशिवाय कुणाला माहिती देता येत नाही. मी दुसरं पत्र लिहिलं आहे. पत्ता कशासाठी हवा आणि मी काय केलं, ते त्यात स्पष्ट लिहिलंय. ते पाकिटात घालून ठेवलंय. पोस्टात टाकायचं धैर्य अजून होत नाही.