लाँड्रीतली रिले

शाळेत मुलींना पळायला शिकवायची नोकरी सोडून लेकीने लाँड्री चालवायला घेतली, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता. पण त्याहून जास्त कुतूहल होतं. रिलेचे संघ तयार करणारी ही पोरगी चादरी धुण्यात करते तरी काय? शेवटी डबा पोचवायचं निमित्त काढून ती तिथे जाऊन थडकली.

आत वाफ कोंडली होती. इस्त्रीवाले काका आणि घड्या घालणाऱ्या मावशी एकामागे एक उभे होते. काकांनी "घे!" म्हणून हाक दिली की मावशी मागे वळून न बघता हात मागे करायच्या आणि काका त्यात इस्त्रीची चादर ठेवायचे.

"हे काय गं सोंग?" आईला हसू आवरेना.

"सोंग नाही, आई. रिलेची शर्यत पळण्यात हरत नाही, बॅटनची कांडी देण्याघेण्यात हरते. इथेही सगळे आपापल्या जागी चपळ, पण दोघांच्या मधे ढीग साचायचे. म्हणून नुसता देण्याघेण्याचा सराव करून घेतला."

"आधी रिकाम्या हातांनी!" काका म्हणाले. "घरी सवयीने हवेत हात पुढे केला, तर बायको म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय का?"

ढीग गेले होते हे खरं. पण घड्यांत फाटक्या चादरी निघाल्या म्हणून हॉटेलने त्या परत पाठवल्या होत्या. निम्म्याहून जास्त काम त्या एकाच हॉटेलचं. तिथल्या मॅडमनी बजावलं होतं, आज एक जरी फाटकी निघाली, तरी पुढचं काम दुसरीकडे जाईल. मग लाँड्रीला कुलूपच.

म्हणून आज लेक स्वतः दोघांच्या मधे घुसली होती. प्रत्येक चादर काकांच्या हातातून ओढायची, उलटसुलट बघायची, मग मावशींना द्यायची. तिच्या मागे चादरींचा डोंगर झाला.

"अहो ताई, हॉटेलची गाडी येईल आता," मावशी कळवळल्या.

"कोचच ट्रॅकवर उतरल्यावर काय होणार!" काकांनी टोमणा मारलाच.

आईच्या मनात वेगळंच घोळत होतं. "मला एक सांग, पळताना ती बॅटन धड आहे की नाही, हे कोण बघतं?"

"कोणी नाही. बघायचंय काय त्यात? बॅटन थोडीच फाट..."

लेकीचा हात चादरीवरच थांबला. मग ती एकदम म्हणाली, "मावशी, वळा. काकांकडे तोंड करा. हाक नको, पाठ नको. दोन टोकं तुम्ही धरा, दोन त्यांनी. उजेडात ताणा, दोघांनी बघा, मगच घ्या."

"म्हणजे महिनाभराचं शिकलेलं पाण्यात?" मावशींनी विचारलं.

"हात बसलाय ना? मग फक्त डोळे लावा."

पहिल्या काही चादरी अडखळल्या. मग लय लागली. एक फाटकी निघाली, बाजूला गेली. आणखी एक गेली. लेक भिंतीशी जाऊन उभी राहिली. हात इतके शिवशिवत होते, की तिने ते काखेत दाबून धरले. आई श्वास रोखून बघत होती.

गाडी आली. हॉटेलच्या मॅडमनी मधला गठ्ठा उपसून चादरी एकेक करून उलगडल्या. वरची तपासली, खालचीही. मग ड्रायव्हरला खूण केली.

त्याने पुढच्या खेपेच्या मळक्या चादरींची गाठोडी दारात उतरवायला सुरुवात केली.